मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी मनाची तपासणी

शस्त्रक्रियेनंतरचा क्ष-किरण फोटो निर्दोष आहे, स्क्रू आपापल्या जागी घट्ट बसले आहेत, दबलेली नस मोकळी झाल्याची खात्री शल्यविशारदाने स्वतःच्या डोळ्यांनी करून घेतली आहे, जखमही कोरडी पडली आहे, आणि तरीही सहा महिने उलटल्यावर तोच मनुष्य भिंतीचा आधार घेत दवाखान्यात येतो व ‘काहीच फरक नाही’ असे सांगतो, हा अनुभव मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक डॉक्टराला अपरिचित नाही. वैद्यकीय वाङ्मयात ह्या अवस्थेला पुष्कळ वर्षे ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ असे नाव होते, आणि शस्त्रक्रियेचा प्रकार व अपयशाची व्याख्या ह्यांनुसार तिचे प्रमाण १० पासून ४० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. कारणे अर्थात अनेक असतात. मूळ निदानच चुकलेले असते, हाड जुळून येत नाही, जंतुसंसर्ग होतो, नसेभोवती व्रणाची ऊती वाढते. ह्या सर्वांचा शोध घेतला जातो, आणि तो घेतलाच पाहिजे. परंतु एक कारण असे आहे की, ते शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी रोग्याच्या झोपेत, भुकेत आणि बोलण्यात दिसू लागलेले असते, ते ओळखण्याची साधने जवळजवळ फुकट उपलब्ध आहेत, त्यावर बऱ्याच अंशी इलाजही करता येतो, आणि आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांत त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ते कारण म्हणजे शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या माणसाची मानसिक अवस्था.

मणक्याची नियोजित शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक रोग्याला, ईसीजी काढावा तितक्याच सहजपणे, नैराश्य, चिंता आणि वेदनेचे भय ह्यांविषयी प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तरांतून काही आढळल्यास त्यावरील उपचार हा शस्त्रक्रियेचाच एक भाग मानला जावा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत आपल्याकडे रुजण्यात अडचण का येते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९३४ साली बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार ह्या दोन शल्यविशारदांनी, मणक्यांमधील चकती फाटून तिचा अंश नसेवर दाब आणतो आणि त्यामुळे पायात कळा जातात, हे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या पुराव्यानिशी दाखवून दिले, आणि तेव्हापासून सायटिकेच्या चिकित्सेला निश्चित दिशा मिळाली. ह्या शोधाने असंख्य माणसे पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली. कण्याला सुरी लागली की माणूस जन्माचा पांगळा होतो, ही धास्ती आपल्या समाजात फार खोल होती. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत दीर्घकाळ काम केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी ह्यांच्यासारख्या शल्यविशारदांच्या परिश्रमांनी ती पुष्कळशी सैल झाली, ह्याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. मात्र ह्या यशातूनच एक समजूत दृढ झाली, ती अशी की, वेदना म्हणजे शरीराच्या एखाद्या भागातील बिघाड, आणि तो भाग दुरुस्त केला की वेदना आपोआप निघून जाईल. पुढे एमआरआय आला, कण्याची आतली रचना पडद्यावर स्वच्छ दिसू लागली, आणि ही समजूत रोग्यांच्या मनात तर जवळजवळ श्रद्धेच्या पदवीला पोहोचली. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’ ही वाक्ये आज कोकणापासून विदर्भापर्यंत घरोघरी ऐकू येतात, आणि ती उच्चारणाऱ्याच्या हातात बहुधा एमआरआयच्या फिल्मचा मोठा लखोटा असतो.

वस्तुतः ह्या फिल्मची साक्ष वाटते तितकी निर्णायक नाही. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले असता त्यांतील ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली आणि २७ टक्के लोकांची बाहेर सरकलेली आढळली, आणि सर्व चकत्या निर्दोष असलेले लोक केवळ ३६ टक्के निघाले, असा निष्कर्ष १९९४ सालीच एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला, तेव्हा ३,११० लक्षणरहित व्यक्तींच्या तपासण्यांवरून असे दिसले की, चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत असते. म्हणजे जो अहवाल वाचून एखाद्या शिक्षकाची रात्रीची झोप उडते, तसाच अहवाल त्याच्या शेजारी बसून निश्चिंतपणे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सहकाऱ्याचाही निघण्याचा पुष्कळ संभव असतो. चित्रात चकती दिसते. तिचे ओझे कोणाला किती वाटते, हे चित्र सांगत नाही.

ह्याचा अर्थ शस्त्रक्रिया निरर्थक आहे असा कोणी काढू नये. जेथे पायात उतरणारी कळ, तपासणीत आढळणारी लक्षणे आणि एमआरआयमधील दाब ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात, तेथे शस्त्रक्रियेचा गुण लवकर आणि ठळक येतो. नेदरलँड्समधील २०००-१० च्या दशकातल्या एका मोठ्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांच्या पायाची कळ वेगाने ओसरली, जरी वर्षाअखेरीस थांबून राहिलेले रोगीही बहुतांशी तितकेच बरे झालेले दिसले. ह्याउलट जेथे केवळ जुनी कंबरदुखी आहे आणि तिच्यासाठी मणके स्क्रूने जोडण्याचा विचार आहे, तेथे चित्र वेगळे दिसते. नॉर्वेत २००३ साली ६४ रोग्यांवर आणि ब्रिटनमध्ये २००५ साली ३४९ रोग्यांवर ज्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत एका गटाचे मणके जोडण्यात आले आणि दुसऱ्या गटाला व्यायाम व भीती घालवणारे समुपदेशन देण्यात आले. शस्त्रक्रियेची सरशी एकाही चाचणीत स्पष्टपणे सिद्ध झाली नाही. शरीराचा म्हणून समजलेला रोग विचार आणि हालचाल ह्यांच्या शिकवणीने शस्त्रक्रियेइतका हटतो, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

वेदना ही शरीरात उगम पावते खरी, पण तिचे मोजमाप मन करते, हे ज्ञान तसे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टराने गंभीर जखमी सैनिकांना विचारले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी वेदनाशामक औषधाची गरज नसल्याचे सांगितले. तसल्याच जखमा झालेले नागरी जीवनातील लोक मात्र औषधासाठी व्याकूळ होतात, हे त्याने पाहिले होते, आणि ह्या फरकाचे कारण त्याने असे दिले की, सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून सुटका, तर नागरिकाच्या लेखी ती संकटाची सुरुवात. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल ह्यांनी ह्या अनुभवाला मज्जासंस्थेच्या रचनेत स्थान दिले. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना वाट देणारे वा अडविणारे एक द्वार असते, आणि ते किती उघडायचे ह्याचे हुकूम काही अंशी वरून, मेंदूकडून येतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढील संशोधनाने त्याच्या तपशिलात फेरफार केले, तरी गाभा टिकला. भय, निराशा आणि निद्रानाश ह्या अवस्थांत ते द्वार सताड उघडे राहते. आपल्या परंपरेतही ही जाण होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जेथे प्रत्येक वर्गातील श्रेष्ठ गोष्टी सांगितल्या आहेत, तेथे रोग वाढवणाऱ्या कारणांमध्ये अग्रस्थान विषादाला दिले आहे. अपथ्य, ऋतुदोष आणि श्रम ह्यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या ग्रंथकाराने विषादाला तेथे बसवावे, ह्याचे मला नेहमीच विशेष वाटत आले आहे.

आता प्रत्यक्ष मणक्याच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. फिनलंडमधील कुओपिओ येथील संशोधकांनी, कण्याची नलिका अरुंद झाल्यामुळे शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रोग्यांचा काही वर्षे पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेआधी आणि तिच्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्यावर नैराश्याचा भार होता, त्यांचे दुखणे आणि असमर्थता वर्षानंतरही अधिक राहिली. हे अपेक्षितच होते. पण त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे: जे रोगी आधी निराश होते पण ज्यांचे नैराश्य पुढे ओसरले, त्यांना शस्त्रक्रियेचा लाभ मनाने प्रथमपासून सुदृढ असलेल्यांच्या बरोबरीने झाला. म्हणजे नैराश्य हा रोग्याच्या कपाळी मारलेला कायमचा शेरा नव्हे. तो हटविला तर हाती काही लागते. मानसिक तपासणीची मागणी ‘कोणाला शस्त्रक्रिया नाकारावी’ हे ठरवण्यासाठी केली जाते, असा जो ग्रह अनेक डॉक्टरांचा आणि रोग्यांचाही असतो, तो ह्या एका निरीक्षणाने दूर व्हावयास हरकत नाही.

हे घडते कसे, ह्याची उत्तरे एकाच ठिकाणी सापडत नाहीत. काही उत्तरे रक्तामांसात आहेत. ओहायो राज्यातील संशोधकांनी १९९५ साली, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर एकसारखी लहानशी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला, आणि तो अशा ताणाखाली नसलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवसांनी अधिक भरला. मनाच्या ताणाने जर कातडी भरण्यास इतका उशीर लागतो, तर मोठ्या शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या शरीराच्या बाबतीत आपण निष्काळजी राहावे, हे सयुक्तिक नाही. निराश मनुष्य तंबाखू सोडू शकत नाही, आणि निकोटिनमुळे जोडलेले मणके एकजीव होण्यात अडथळा येतो, हे तर शल्यविशारदांना पक्के ठाऊक आहे. आपल्याकडे सिगारेट ओढता का, एवढेच विचारले जाते, आणि सकाळी दातांना मशेरी लावणारी बाई निर्धास्तपणे ‘नाही’ असे उत्तर देते.

परंतु अधिक महत्त्वाची उत्तरे शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत, घराच्या चार भिंतींच्या आत मिळतात. टाके निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने रोज चालण्याचे अंतर वाढवायला सांगितलेले असते. मनाने शाबूत असलेला रोगी तिसऱ्या दिवशी थोडी कळ आली तर ‘नवीन सवय आहे, होईल’ असे म्हणून चालत राहतो. भेदरलेल्या रोग्याला त्याच कळेत स्क्रू निसटल्याचा भास होतो, तो खाटेवर जाऊन पडतो, पडून राहिल्याने पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे पुढच्या वेळी कळ अधिक येते, आणि त्या अधिक कळेने त्याची पहिली भीती खरी ठरते. वेदनेकडे सर्वनाशाची नांदी म्हणून पाहण्याच्या ह्या वृत्तीचे मोजमाप करण्यासाठी कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सुलिव्हन ह्यांनी १९९५ साली १३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, आणि ती आज जगभर वापरली जाते. पण प्रश्नावलीच्या पलीकडे आपल्या घरांतील वातावरणाचाही येथे विचार करावा लागतो. आपल्याकडे आजाऱ्यावरचे प्रेम प्रायः त्याला हलू न देण्यातून व्यक्त होते. ‘वाकू नका’, ‘बादली उचलू नका’, ‘आता जन्मभर जपायलाच हवं’ असे आई, बायको, मेहुणा, शेजारी, जो तो सांगत असतो, आणि ह्या मायेच्या बोलण्यातून त्या माणसाची अशी खात्री पटत जाते की, आपला कणा काचेचा आहे. डॉक्टरांनी दिलेली मर्यादा सहा आठवड्यांची किंवा तीन महिन्यांची असते. घरात ती आजन्म होऊन बसते.

स्त्रियांची गोष्ट निराळी आणि अधिक बिकट. कंबरदुखीने वर्षानुवर्षे हैराण झालेल्या गृहिणीला शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री विचारले, तर तिच्या चिंतेत स्वतःच्या कण्याचे नाव शेवटी येते; मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे, गावाकडे असलेली म्हैस आणि आपण पडून राहिलो तर घर कोण ओढणार, ही काळजी अगोदर असते. ती एकतर दहाव्या दिवशीच ओट्यापाशी उभी राहते, किंवा, आणि हे सांगताना मला संकोच वाटतो पण ते सांगितले पाहिजे, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या दुखण्याची दखल घेतलेली असते, आणि बरे झाल्यावर ती दखल संपणार हे तिला मनाच्या आत कुठेतरी कळलेले असते. असे रोगी ढोंगी नसतात. त्यांची वेदना शंभर टक्के खरी असते. तिच्यामागील एकाकीपण कोणी विचारात घेतले नाही, एवढाच त्यांचा दोष.

पुरुषांच्या बाबतीत बहुधा चाकरीचा प्रश्न येऊन मिळतो. अमेरिकेत सिॲटल येथील बोइंग विमान कारखान्यातील तीन हजारांवर कामगारांचा पाठपुरावा करून १९९१ साली असे दाखवण्यात आले की, ज्यांना आपल्या कामात क्वचितच आनंद वाटतो त्यांच्याकडून पाठीच्या दुखापतीची तक्रार नोंदली जाण्याचा संभव इतरांच्या अडीचपट असतो. रात्रपाळीचा एस.टी. चालक, अंगमेहनतीचा माथाडी कामगार, कंत्राटावर ठेवलेला गोदाम-हमाल, ह्यांना शस्त्रक्रियेनंतर कोणते काम मिळणार, रजा मंजूर होणार की बिनपगारी जाणार, हलके काम देण्याचा दाखला साहेब मानणार की नाही, ह्या प्रश्नांची टोचणी मणक्यातल्या टोचणीहून कमी नसते. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी अर्धा तास बसून ह्या गोष्टींचा तपशील विचारला आणि एखादा दाखला वेळेवर लिहून दिला, तर त्याचा उपयोग औषधाइतकाच होईल.

ह्या विचारावर जे आक्षेप घेतले जातात ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, वर्षभर पाय ठणकत असलेला मनुष्य निराश होणारच. नस मोकळी करा, मन आपोआप हसेल. ह्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि अनेक रोग्यांच्या बाबतीत तसे घडतेही. म्हणूनच नैराश्य आढळले म्हणून शस्त्रक्रिया रद्द करणे हा अन्याय होईल. आणि जेथे पाऊल लुळे पडू लागले आहे, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटून जांघेतील संवेदना गेली आहे, तेथे प्रश्नावल्या बाजूला ठेवून रोग्याला तातडीने शस्त्रक्रियागृहात नेले पाहिजे, ह्याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. माझे म्हणणे ज्या शस्त्रक्रियेची तारीख आपण पंचांग पाहून ठरवू शकतो, तिच्यापुरते आहे.

दुसरा आक्षेप रोग्यांचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. शल्यविशारदाने मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याची गोष्ट काढताच रोग्याच्या डोळ्यांसमोर ठाण्याचे किंवा येरवड्याचे मनोरुग्णालय उभे राहते, आणि ‘म्हणजे माझे दुखणे खोटे आहे काय?’ असा प्रश्न तो उघड अथवा मनातल्या मनात विचारतो. ह्या भीतीला इतिहासाचा आधारही आहे. ग्लासगोचे शल्यविशारद गॉर्डन वॉडेल ह्यांनी १९८० साली पाठदुखीच्या तपासणीत आढळणाऱ्या, शारीरिक बिघाडाने न उलगडणाऱ्या काही खुणांचे वर्णन केले, ते रोग्याची भीती आणि क्लेश ओळखता यावेत म्हणून. पण विमा कंपन्यांच्या आणि न्यायालयांच्या कामात त्याच खुणा रोग्याला खोटारडा ठरवण्यासाठी वापरल्या गेल्या, आणि वॉडेल ह्यांना पुढे सहकाऱ्यासह लेख लिहून ह्या दुरुपयोगाचे निराकरण करावे लागले. हा धोका आपल्याकडेही आहे. ह्यासाठी हे प्रश्न संशयितालाच वेगळे काढून विचारले जाता कामा नयेत. ते सरसकट सर्वांना, रक्तदाब मोजणाऱ्या त्याच परिचारिकेने, त्याच स्वरात विचारले पाहिजेत. सर्वांना विचारले म्हणजे कोणालाच डाग लागत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे: शोध लागला, पण उपचाराने खरोखर फरक पडतो काय? येथे अतिशयोक्ती टाळणे हे आपले कर्तव्य आहे. अमेरिकेतील एका चाचणीत शस्त्रक्रियेआधी वेदनेचे शरीरशास्त्र रोग्यांना एका बैठकीत समजावून सांगण्यात आले. वर्षाअखेरीस त्यांचे दुखणे इतरांहून कमी झालेले नव्हते, मात्र शस्त्रक्रियेचा अनुभव त्यांनी अधिक समाधानाने सांगितला आणि त्यांचा पुढील वैद्यकीय खर्च ४५ टक्क्यांनी कमी भरला. डेन्मार्कमधील ९० रोग्यांच्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसोपचाराने वर्षाअखेरीस फरक दिसला नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत असमर्थता वेगाने कमी झाली. नॅशव्हिल येथील ८६ रोग्यांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने मुख्यतः दूरध्वनीवरून सहा वेळा भीती कमी करणारे मार्गदर्शन केले, तेव्हा तीन महिन्यांच्या तपासणीत दुखणे आणि असमर्थता दोन्ही कमी आढळली. ह्यांत चमत्कार काही नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तीन महिन्यांची लवकर सुधारणा म्हणजे काय असते, ह्याचा हिशेब विद्यापीठांच्या कोष्टकांत मावत नाही.

व्यवस्थेचा प्रश्न राहतो, आणि तो खरोखर कठीण आहे. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यानुसार नैराश्याच्या दर १०० रोग्यांपैकी सुमारे ८५ रोग्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. परंतु गडचिरोलीतला किंवा जव्हारमधला रोगी ह्याबाबत भाग्यवान असेल असे मानण्यास कोठेच जागा नाही. मनोविकारतज्ज्ञांची टंचाई पाहता प्रत्येक रोग्याला त्यांच्याकडे पाठवावे, ही मागणी करणेच अव्यवहार्य होईल. त्याची गरजही नाही. नैराश्याची नऊ प्रश्नांची आणि चिंतेची सात प्रश्नांची जी प्रश्नावली जगभर वापरतात, ती थोडक्या मिनिटांत भरून होते. वाचता न येणाऱ्याला परिचारिका वा समाजसेवा विभागातील कर्मचारी ती आपल्या बोलीत समजावून विचारू शकतात. बहुतेकांना धीर, माहिती आणि नियमित पाठपुरावा पुरतो. थोड्यांना समुपदेशन लागते, आणि त्याहून थोड्यांना औषध. नऊपैकी शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला होकार आला तर त्याच दिवशी, त्याच इमारतीत तज्ज्ञाची गाठ पडेल अशी तजवीज आधी करून ठेवली पाहिजे, कारण असा प्रश्न विचारून उत्तर फायलीत बंद करून ठेवणे हे न विचारण्याहून वाईट. जेथे तज्ज्ञ नाही तेथे शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा, १४४१६ ह्या क्रमांकावर, २०२२ च्या ऑक्टोबरापासून चालू आहे, आणि तिचा क्रमांक शस्त्रक्रिया विभागाच्या भिंतीवर का लावलेला नसतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

औषधांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून ही चौकशी शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच झाली पाहिजे, दाखल झालेल्या रात्री नव्हे. आणि अशा गोळ्या आधीपासूनच चालू असलेले कित्येक रोगी लाजेपोटी ती गोष्ट शल्यविशारदापासून लपवतात. ह्यांपैकी काही औषधांमुळे रक्तस्राव किंचित वाढू शकतो, काहींचा भुलीच्या औषधांशी संबंध येतो, आणि ती अकस्मात बंद केली तर रोग्याला नवाच त्रास सुरू होतो. तेव्हा सांगितले न जाणे हे रोग्याच्या जिवाशी निगडित आहे. जो डॉक्टर स्वतःहून आणि सहजपणे विचारतो, त्यालाच ही माहिती मिळते.

पैशाच्या बाबतीत कायदा वाटतो त्यापेक्षा पुढे गेलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २१व्या कलमाने विमा कंपन्यांवर, शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांसाठीही विमासंरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. असे असताना मणका जोडण्याचा लाखांचा दावा मंजूर करणाऱ्या कंपनीने त्याच रोग्याच्या चार समुपदेशन-बैठकींचा खर्च नामंजूर करावा, ह्याला अर्थ नाही. तिच्या स्वतःच्या तिजोरीच्या दृष्टीनेही नाही, कारण दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेचे बिल पुन्हा तिच्याकडेच यायचे असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शासन स्वतःच खर्च करते, तेव्हा तेथे तर कंपन्यांची मनधरणी करण्याचेही कारण नाही. मणक्याच्या नियोजित शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी जे कागद योजनेच्या दफ्तरात पाठवावे लागतात, त्यांत भरलेली प्रश्नावली सक्तीची करावी, तिच्या गुणांवरून मंजुरी मात्र कदापि नाकारली जाऊ नये, आणि गुण ठरावीक मर्यादेच्या वर असतील तर शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या समुपदेशनाची रक्कम त्याच पॅकेजात धरावी, एवढा शासननिर्णय काढण्यास नवीन इमारत लागत नाही की नवीन खाते उघडावे लागत नाही. प्रश्नावली शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी भरून घ्यावी, कारण कुओपिओच्या रोग्यांमध्ये नंतरचे नैराश्यही तितकेच घातक ठरले होते, आणि ह्या दोन्ही तारखा टाके काढण्याच्या तारखेखाली डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याव्यात.